मूत्रपिंडातील अँजिओमायोलिपोमा: द्रवरूप औषधाने गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करण्याविषयी

कुळागर, फोंडा तालुका

सर्वांस नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीच्या आजाराविषयी जाणकारांचे आणि या वाटेने जाऊन आलेल्यांचे मत हवे आहे. ताई ४७ वर्षांची असून आमच्याच गावात अंगणवाडी सेविका आहे. चवथीच्या आधी तिच्या पोटात वरचेवर दुखू लागले, म्हणून पित्ताशयात खडे आहेत का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत. उजव्या मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाशी मात्र एक पांढरी, लख्ख गाठ दिसली. नंतरच्या सीटी स्कॅनमध्ये ती ६.२ सेंटीमीटर भरली. अहवालात ‘अँजिओमायोलिपोमा’ असे निदान आहे, गाठीतल्या चरबीचे मोजमाप उणे ७० हाउन्सफील्ड (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) दिले आहे आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘गाठीच्या आत ७ मिलिमीटरचा धमनीचा फुगा’ असा उल्लेख आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) ०.८ आहे, लघवीतून कधी रक्त गेलेले नाही आणि रक्तदाब नेहमीसारखा आहे.

ज्या खासगी इस्पितळात हा स्कॅन झाला, तिथे आम्हाला सांगण्यात आले की परवा दाखल व्हा, मूत्रपिंड काढून टाकू. दुसरा काही मार्ग आहे का असे मी विचारले, तेव्हा माणूस एका मूत्रपिंडावरही जगतो एवढेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने ताई दोन रात्री झोपली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र शांतपणे चित्रे पाहिली आणि शस्त्रक्रियेऐवजी एम्बोलायझेशन सुचवले. जांघेतून बारीक नळी नेऊन गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतून बंद करायच्या, असे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावले. त्याच कागदावर त्यांनी ‘ओनिक्स, ग्लू, अल्कोहोल’ असे तीन शब्द लिहिले आणि यातले काय वापरायचे ते रक्तवाहिन्यांचे चित्र हाती आल्यावर ठरेल, असे सांगितले.

घरी आल्यावर आमचे प्रश्न सुरू झाले. ताई विचारते की आत घातलेला पदार्थ सिमेंटासारखा घट्ट होऊन जन्मभर तिथेच राहणार का, आणि तो सुटून काळजाकडे किंवा मेंदूकडे गेला तर काय करायचे. आईला अल्कोहोल या शब्दाचीच भीती वाटते. मला स्वतःला हे समजून घ्यायचे आहे की तीन पदार्थांत नेमका फरक काय, गाठ पूर्ण जाते की नुसती लहान होते, आणि साधी गाठ असेल तर तिला हात तरी का लावायचा.

बार्देशचा क्ष-किरणतज्ज्ञ

आपण अहवालातले आकडे नेमके दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी गोव्याबाहेर एका इस्पितळात रक्तवाहिन्यांतून उपचार करण्याचे काम करतो. ताईंची चित्रे मी पाहिलेली नाहीत, तेव्हा पुढचे सारे विषय समजून घेण्यासाठी आहे. निर्णय त्यांना तपासणाऱ्यांनीच घ्यायचा आहे.

आधी आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. अँजिओमायोलिपोमा हे नाव त्या गाठीत काय काय असते हेच सांगते: रक्तवाहिन्या, मऊ स्नायू आणि चरबी. चरबी असल्यामुळे ती सोनोग्राफीत लख्ख पांढरी दिसते आणि सीटीवर तिचा आकडा उणे येतो. उणे १० च्या खाली गेलेला आकडा चरबीची स्पष्ट खूण मानला जातो, त्यामुळे उणे ७० असताना निदानासाठी सुई घालून तुकडा काढण्याची गरज सहसा पडत नाही. ही गाठ कर्करोगाची नसते. तिचा धोका तिच्यातल्या रक्तवाहिन्यांत असतो. निरोगी धमनीच्या भिंतीत लवचीक तंतूंचा जो थर असतो, तो या गाठीतल्या वाहिन्यांत धड तयारच झालेला नसतो. भिंत वरून जाड दिसली तरी रबर गेलेल्या नळीसारखी असते; प्रत्येक ठोक्याचा दाब सोसता सोसता ती कुठेतरी फुगते आणि तो फुगा एखाद्या दिवशी फुटू शकतो. तसे झाले तर रक्त मूत्रपिंडाभोवतीच्या पोकळीत साचते, कुशीत अचानक असह्य कळ येते, रक्तदाब कोसळतो. या अवस्थेला वुंडरलिक या जर्मन डॉक्टरांचे नाव आहे. त्यांनी तिचे वर्णन १८५६ मध्ये केले. (पुढे हजारो रुग्णांचे ताप मोजून ३७ अंश सेल्सिअस हे शरीराचे नेहमीचे तापमान रूढ करणारे वुंडरलिक ते हेच.)

म्हणूनच ४ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या गाठीवर उपचाराचा विचार करावा, असा संकेत अनेक वर्षे चालत आला आहे. पण नुसत्या आकारावर बोट ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. जपानमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ४ सेंटीमीटरचा निकष लावला तर फुटलेल्या सगळ्या गाठी त्यात येतात खऱ्या, पण कधीच न फुटलेल्या पुष्कळ गाठीही येतात. गाठीतला फुगा ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असणे हा निकष कितीतरी नेमका ठरतो. ताईंच्या अहवालात ७ मिलिमीटर ही नोंद शेवटच्या ओळीत आहे असे आपण लिहिलेत. माझ्या मते ती पहिली ओळ असायला हवी होती. उपचार करावा असे मला वाटते ते ६.२ या आकड्यापेक्षा त्या ७ मुळे.

मूत्रपिंड काढण्याचा सल्ला का दिला गेला हे मला ठाऊक नाही. चरबी स्पष्ट दिसत असलेल्या, खालच्या टोकाशी असलेल्या साध्या गाठीसाठी अख्खे मूत्रपिंड काढण्याची वेळ क्वचित येते. शस्त्रक्रियाच करायची झाली तर गाठीपुरता भाग काढून उरलेले मूत्रपिंड राखता येते आणि तो मार्ग मुळीच कमी प्रतीचा नाही. उलट, गाठीत चरबी दिसत नसेल किंवा निदानाची शंका असेल तर शस्त्रक्रियाच सरस ठरते. तेव्हा शस्त्रक्रिया सुचवणाऱ्यांना ‘अख्खे का, भाग का नाही’ हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता द्रवांविषयी. मूत्रपिंडातल्या धमन्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात आणि त्यांच्या टोकांना आपसांत जोड नसतो. एक फांदी बंद केली की तिच्यावर जगणारा भाग मरतो, शेजारची फांदी त्याला वाचवू शकत नाही. या गुणामुळेच उपचार शक्य होतो आणि या गुणामुळेच तो जोखमीचाही आहे. आम्ही जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी मूत्रपिंडाच्या धमनीत नेतो, क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य, म्हणजे डाय, सोडून फांद्यांचा नकाशा पाहतो आणि मग जेमतेम मिलिमीटरभर जाडीची मायक्रोकॅथेटर गाठीकडेच जाणाऱ्या फांदीत सरकवतो. तेथून धातूची वेटोळी, म्हणजे कॉइल, सोडता येतात. पण नुसती कॉइल फांदीच्या तोंडाशी बसते, पलीकडचे जाळे उघडे राहते, ते दुसरीकडून रक्त ओढू लागते आणि आमचा परतीचा रस्ता मात्र कायमचा बंद होतो. सूक्ष्म कणही वापरतात आणि ते पुष्कळ ठिकाणी चांगले काम करतात. परंतु या गाठींत धमनी आणि शीर यांच्यात कधी कधी थेट चोरवाटा असतात, आणि फार बारीक कण त्या वाटेने फुप्फुसांत गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. द्रवाला ठरावीक आकार नसतो. तो वाहिनीच्या प्रत्येक वळणात शिरतो, फुगा भरतो, आतपर्यंतचे जाळे भरतो आणि तिथेच घट्ट होतो किंवा वाहिनीची आतली त्वचा मारून टाकतो.

अल्कोहोल या तिघांत सर्वांत जुने आणि स्वस्त. ते जवळजवळ निर्जल असते. वाहिनीच्या आतल्या अस्तराला ते लागले की तिथली प्रथिने गोठतात, अस्तर झडते, रक्त साखळते आणि वाहिनी कायमची मिटते. ते पाण्यासारखे पातळ आणि क्ष-किरणांना अदृश्य असल्यामुळे त्यात लिपिओडॉल मिसळतात. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून केलेले औषध. १९०१ पासून ते वैद्यकात आहे आणि पडद्यावर ते काळ्या थेंबांच्या माळेसारखे पुढे सरकताना दिसते. अल्कोहोल मागे उलटून निरोगी फांदीत गेले तर तो भागही मरतो, म्हणून काही वेळा मागे नळीवरचा छोटा फुगा फुगवून रस्ता अडवतात. ते टोचताना फार दुखते, त्यामुळे भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो. आपल्या आईंना सांगा की हे प्यायचे अल्कोहोल नव्हे. त्याची मात्रा मोजून दिली जाते आणि शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ मिलिलिटर ही कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते.

ग्लू म्हणजे सायनोअक्रिलेट. रक्ताला लागताच ते घट्ट होते. किती लवकर घट्ट व्हावे हे त्यात किती लिपिओडॉल मिसळायचे यावर ठरते, आणि इथे करणाऱ्याच्या हाताची परीक्षा असते. नळीत रक्ताचा अंश राहिला तर ते नळीतच गोठेल, म्हणून आधी ५ टक्के डेक्स्ट्रोजने नळी धुतात. ग्लू सोडून नळी लगेच ओढून घ्यावी लागते. उशीर झाला तर टोक वाहिनीला चिकटू शकते. रक्तस्राव चालू असताना घाई असेल तर मी ग्लूलाच हात घालतो, कारण ते काही सेकंदांत काम करते.

ओनिक्स हा वेगळाच प्रकार आहे. ते इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल नावाचे प्लास्टिकच्या जातीचे द्रव्य असते, डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेले, आणि क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात टँटलम धातूची काळी पूड घातलेली असते. पूड तळाशी बसते, त्यामुळे कुपी यंत्रावर २० मिनिटे हलवत ठेवावी लागते. हा वेळ कुणी वाचवू पाहिला तर पडद्यावर द्रव्य फिके दिसते आणि ते कुठे चालले आहे हे कळत नाही. रक्तात डीएमएसओ विरून गेला की द्रव्य बाहेरून घट्ट होत जाते आणि आतून काही वेळ पातळ राहते. काकवीवर साय धरते आणि खाली ती वाहतच असते, तसे ते दिसते. त्यामुळे मिनिटाला ०.१ मिलिलिटरच्या आसपास, अतिशय सावकाश, ते पुढे ढकलता येते; मधे थांबून चित्र पाहता येते; नको त्या बाजूला वळले तर दोन मिनिटे थांबून पुन्हा सुरू करता येते. डीएमएसओ वेगाने गेले तर वाहिनी आकसते आणि दुखते. मायक्रोकॅथेटरही त्या द्रावकाला टिकणारीच लागते. अमेरिकेत ओनिक्सला २००५ मध्ये मान्यता मिळाली ती मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यांसाठी. मूत्रपिंडात ते डॉक्टरांच्या अनुभवाच्या आधारावर वापरले जाते आणि ही गोष्ट रुग्णाला आधी सांगितली पाहिजे असे मी मानतो. ते महागही आहे आणि मोठ्या गाठीला एकाहून अधिक कुप्या लागू शकतात.

ताईंना सांगा की हो, ओनिक्स आणि ग्लू आत राहतात, पण ते गाठीच्या वाहिन्यांतच राहतात. आम्ही धमनीच्या बाजूने टोकाकडे जातो, म्हणजे द्रव्य हृदयापासून दूर चाललेले असते. मेंदूकडे जाण्याचा तिथून सरळ रस्ता नाही. खरी भीती दोन वाटांची आहे: मागे उलटून मूत्रपिंडाच्या चांगल्या फांदीत जाणे, आणि चोरवाटेने शिरेत शिरून फुप्फुसांत जाणे. या दोन्ही वाटा आधी डाय सोडून पाहिल्या जातात, आणि म्हणूनच आपल्या डॉक्टरांनी ‘चित्र हाती आल्यावर ठरेल’ असे म्हटले ते मला अगदी योग्य वाटते. जो डॉक्टर नकाशा पाहण्याआधीच द्रव्याचे नाव सांगून मोकळा होतो, त्याच्याविषयी मला अधिक काळजी वाटली असती.

गालजीबाग, काणकोण

मी स्वतः या उपचारातून गेले आहे, म्हणून लिहिते. माझी गाठ डाव्या बाजूला, ७.४ सेंटीमीटरची होती आणि ती ओनिक्सने बंद केली. वरच्या उत्तरात विज्ञान आले आहे, मी घरी आल्यानंतरचे सांगते, कारण ते मला कुणीही सांगितले नव्हते.

ते श्रावणाचे दिवस होते. आमच्या घरी त्या महिन्यात कांदा-लसूण शिजत नाही. मी घरी आले त्या संध्याकाळी सासूबाई देवाजवळ दिवा लावून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले की इस्पितळात तुला लसणीचे काही दिले होते का. माझ्या श्वासाला आणि घामाला लसणीचा उग्र वास येत होता, अंथरुणालासुद्धा येत होता. मला वाटले की आत काहीतरी सडते आहे. तो डीएमएसओचा वास असतो, एक-दोन दिवसांत जातो आणि त्यात काहीही वाईट नसते, हे मला चार महिन्यांनी तपासणीच्या वेळी कळले. एका वाक्याने ती भीती टळली असती.

तिसऱ्या रात्री मला १०१.५ ताप चढला आणि कुशीत ठणका लागला. घरी जाताना दिलेल्या कागदावर तापाविषयी एक अक्षर नव्हते. पहाटे दोनला, भर पावसात, यजमान मला करमल घाटातून मडगावला घेऊन गेले. त्या घाटातले प्रत्येक वळण मला आजही आठवते, कारण प्रत्येक वळणावर कूस दुखत होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्त तपासले, पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, पण संसर्ग नव्हता. त्यांनी समजावले की गाठीचा रक्तपुरवठा तुटल्यावर तिथली पेशीजाले मरू लागतात आणि शरीर त्याला उत्तर म्हणून ताप, दुखणे, मळमळ निर्माण करते. त्याला पोस्ट-एम्बोलायझेशन सिंड्रोम म्हणतात. पॅरासिटामॉल आणि थोडे दिवस स्टिरॉइड घेऊन मी सहाव्या दिवशी ठीक झाले. ज्या इस्पितळात उपचार झाला त्यांचे हात कुशल होते, हे मी मान्य करते. पण रुग्णाला घरी पाठवताना सांगायच्या चार गोष्टी त्यांनी सांगितल्या नाहीत, याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आपल्या ताईंना ताप येऊ शकतो हे आधी सांगून ठेवा. मात्र आठवडा उलटूनही ताप उतरला नाही, थंडी वाजून येऊ लागली, तर पुन्हा दाखवायलाच हवे, कारण क्वचित मेलेल्या भागात पू होतो, असे मला नंतर सांगण्यात आले.

गाठ गेली का, असे आपण विचारले आहे. माझी गेली नाही. दीड वर्षाने ती ५.१ सेंटीमीटर भरली. चरबी रक्तावर फारशी जगत नाही, त्यामुळे ती तशीच राहते, आणि आटतो तो वाहिन्यांचा भाग. मला मात्र धोका होता तो त्याच भागाचा. क्रिएटिनिन आधी ०.९ होते, आता १.० आहे. तिसऱ्या वर्षी एमआरआयमध्ये एक नवी बारीक फांदी गाठीकडे गेलेली दिसली आणि ती दुसऱ्यांदा बंद करावी लागली. दुसऱ्या खेपेला मला कसलीच भीती वाटली नाही. माझ्या पिशवीत थर्मामीटर आणि गोळ्या आधीपासून होत्या.

खर्चाविषयी थोडे. आमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड होते. तीन किंवा त्याहून कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांना चार लाख अशी त्या योजनेची मर्यादा आहे. पण कार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आपल्या उपचाराचे नाव योजनेच्या यादीत कोणत्या शीर्षकाखाली बसते आणि द्रव्याच्या कुप्यांचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा भरायचा, हे दाखल होण्याआधी लेखी विचारून घ्या.

आबोली, डिचोली

थोडेसेच सांगायचे आहे, पण ते विचारल्याशिवाय राहवत नाही. आपल्या ताईंना किंवा कुटुंबात कुणाला लहानपणी फेफरे येत होते का? चेहऱ्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर पुटकुळ्या, अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असे काही आहे का? माझ्या मुलाला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे. या गाठींपैकी बहुतेक एकट्या-दुकट्या, कारणाविना होतात. पण साधारण पाचातली एक या आनुवंशिक आजाराशी जोडलेली असते, आणि तेव्हा त्या दोन्ही मूत्रपिंडांत, अनेक असतात. माझ्या मुलाच्या दोन्ही बाजूंना मिळून इतक्या गाठी आहेत की एकेका गाठीमागे नळी घेऊन धावायचे ठरवले तर मूत्रपिंड उरणार नाही. त्याला एव्हरोलिमस ही गोळी चालू आहे. या आजारातल्या गाठींसाठी अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ज्या चाचणीच्या आधारावर ती मिळाली त्यात ११८ रुग्ण होते, आणि गोळी घेणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांच्या गाठी ठळकपणे आटल्या, तर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत एकाच्याही नाहीत. तोंडात फोड येतात, रक्तातली चरबी वाढते, आणि गोळी थांबवली की गाठी पुन्हा वाढू लागतात, म्हणून हा सोपा मार्ग आहे असे मी म्हणणार नाही. ताईंची गाठ एकच असेल आणि ही लक्षणे नसतील, तर हे सारे त्यांना लागू नाही. फक्त एकदा त्वचा आणि दुसरे मूत्रपिंड नीट पाहून घ्या.

कुळागर, फोंडा तालुका

आपणा सर्वांचे उपकार शब्दांत मावणारे नाहीत. ताईला मी सगळी उत्तरे वाचून दाखवली. तिला कधी फेफरे आले नाही, डाग नाहीत, दुसरे मूत्रपिंड स्वच्छ आहे असे अहवालात आहे. लसणीच्या वासाचा भाग तिने मला दोनदा वाचायला लावला.

तीन शंका उरल्या आहेत. उपचार होईपर्यंत तिने काय सांभाळावे? अंगणवाडीत पोषण आहाराची पोती हलवावी लागतात. दुसरे, ती मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते, त्याचे काय? आणि ओनिक्स आत राहिले तर पुढच्या तपासण्यांत त्याची अडचण होईल का?

बार्देशचा क्ष-किरणतज्ज्ञ

गालजीबागच्या ताईंनी जे लिहिले ते मी आमच्या विभागात वाचून दाखवणार आहे. डीएमएसओच्या वासाविषयी आम्ही परिचारिकांना सांगतो, पण रुग्णाच्या घरच्यांपर्यंत ते पोहोचले का हे पाहत नाही.

पोती उचलू नयेत. कुशीवर मार बसेल असे काही टाळावे. बसमध्ये गर्दीत उभे राहण्यापेक्षा बसून जावे. रक्त पातळ करणारी गोळी किंवा दुखण्यावर मनाने अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगावे. पाळी जाण्याच्या काळासाठी संप्रेरकाच्या गोळ्या कुणी सुचवल्या असतील तर त्याही आत्ताच सांगाव्यात, कारण या गाठींना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे वावडे नाही, उलट ते त्यांच्या वाढीला हातभार लावू शकते. गरोदरपणात त्या फुटण्याचा धोका वाढतो तो याच कारणांनी असावा असे मानले जाते. कुशीत अचानक तीव्र कळ आली, घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी वाट पाहू नये, १०८ ला फोन करून ‘मूत्रपिंडात अँजिओमायोलिपोमा आहे’ हे वाक्य पहिल्यांदा सांगावे आणि जवळच्या मोठ्या इस्पितळात जावे.

मेटफॉर्मिनविषयी: क्रिएटिनिन ०.८ असताना अडचण सहसा येत नाही. पण डाय थेट मूत्रपिंडाच्या धमनीत सोडली जाणार असल्यामुळे अनेक ठिकाणी ती गोळी दोन दिवस थांबवून, क्रिएटिनिन पुन्हा तपासून मगच चालू करतात. आपल्या डॉक्टरांना आधी विचारा आणि पूर्वी कधी डायची ॲलर्जी झाली असेल तर तेही सांगा.

ओनिक्समधल्या टँटलममुळे सीटीवर त्या जागी पांढऱ्या किरणांसारख्या रेघा उमटतात आणि आजूबाजूचे नीट दिसत नाही. म्हणून पुढची पाहणी एमआरआयने करणे सोयीचे. टँटलम चुंबकाला ओढले जात नाही, त्यामुळे एमआरआय निर्धास्तपणे करता येतो. आणि पुढे कधी त्याच मूत्रपिंडावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर ‘आत ओनिक्स आहे’ हे शल्यचिकित्सकाला आवर्जून सांगायचे, कारण विजेच्या उपकरणाने कापताना टँटलमपाशी ठिणग्या उडाल्याच्या नोंदी आहेत. घरी सोडतानाच्या कागदावर द्रव्याचे नाव आणि मात्रा लिहून घ्या. पहिली पाहणी तीन ते सहा महिन्यांत, नंतर वर्षाने, आणि पुढे दरवर्षी. आत्ताच्या सीटीची डिस्क कुणालाही देऊन टाकू नका. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशीच होणार आहे.

कुळागर, फोंडा तालुका

सोमवारी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मूत्ररोग विभागातही ही डिस्क दाखवून तिसरे मत घेणार आहोत आणि मग तारीख ठरवू. पोती हलवण्याचे काम मदतनीस बाईंनी कालपासून स्वतःकडे घेतले आहे. ताईने अंगणवाडीच्या हजेरीच्या जुन्या वहीत मागच्या पानावर प्रश्न उतरवून काढले आहेत. पहिला प्रश्न तिने स्वतःच्या शब्दांत लिहिला आहे: गाठ बंद करताना माझे चांगले मूत्रपिंड किती जाईल, आणि ते तुम्ही आधी मला चित्रात दाखवाल का?